बाकावरचा लाल ठिपका

फोटो आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये आठवीच्या चित्रकलेच्या वह्या तपासत बसले होते. फेब्रुवारी संपत आला होता आणि सेनगावात पंखे सुरू झाले होते. फोन थरथरला म्हणून पाहिलं, तर समोरच्याच खुर्चीवर चहा पीत बसलेल्या ताईंनी मला एक फोटो पाठवलेला. अर्धवट गोठलेलं तळं, काठावर बर्फ, मागे काळपट हिरवी उंच झाडं आणि त्यांच्याही मागे ढगात गेलेले डोंगर. काठाशी एक लाकडी बाक.

"हे काढून दे मला," ताई म्हणाल्या. "नव्या घराच्या हॉलमध्ये लावायचं. वॉटरकलरमध्येच पाहिजे."

फोटो कुठला, असं मी विचारलं. भाचा मित्रांबरोबर काश्मीरला गेला होता, त्यानं काढला, असं त्यांनी सांगितलं आणि कप विसळायला उठल्या.

ताई म्हणजे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. मी चित्रकला शिकवते. एकोणीस वर्षं आम्ही एकाच शाळेत आहोत आणि एकोणीस वर्षं शाळा सुटल्यावर बसस्टँडपर्यंत बरोबर चालत आलो. माझा उजवा पाय लहानपणीच्या पोलिओनं बारीक राहिलेला. आमच्या घरी मेंढरं होती. या पायानं मला मेंढरांमागे जाता येईना, म्हणून वडलांनी मला शाळेत घातलं. माझ्या बहिणी रानात राहिल्या आणि मी मास्तरीण झाले. त्यामुळे पायाबद्दल मला फार वाईट वाटत नसे. कुणी 'हळू या हं' म्हटलं, की तेवढं मात्र टोचायचं. ताई तसं कधी म्हणाल्या नाहीत. त्या माझ्या शेजारून चालायच्या, गप्पा मारायच्या, आणि स्टँड कधी आलं ते कळायचं नाही. मला वाटायचं, जगात एक माणूस असं आहे की ज्याच्या लक्षातच नाही माझा पाय.

बर्फ पाहायला जायचं, हे आमचं दोघींचं ठरलं होतं. त्याला कारण झाली तांड्यावरून येणारी सातवीतली एक मुलगी. एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी मी पोरांना निसर्गचित्र शिकवत होते. डोंगरावर बर्फ कसा दाखवायचा ते सांगताना तिनं विचारलं, "मॅडम, तुमी पाहिला का बर्फ?" मी म्हणाले, न्हाई. ती म्हणाली, "मग तुमाला कसं माहीत?" वर्ग हसला, मीपण हसले. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, खरंच की, मीपण न्हाई पाहिला, आणि पोरांना गोठणबिंदू शिकवते. चल, जाऊ आपण दोघी.

मग दोन वर्षं आम्ही त्याच गप्पा मारल्या. कोणत्या महिन्यात जायचं, स्वेटर कसले घ्यायचे, गरम पाण्याची पिशवी न्यायची का. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एका माणसाकडं जुने जाड कोट यायचे, तिथून मी एक तपकिरी कोट आणला. तो घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा आई पोट धरून हसली. गेल्या डिसेंबरात जायचं नक्की झालं होतं. आईजवळ आठ दिवस राहायला धाकटी बहीण येणार होती.

निघायला पंधरा दिवस असताना ताई तोंड उतरवून शाळेत आल्या. सासूबाईंची तब्येत बिघडली होती, नांदेडला दवाखान्यात न्यावं लागणार होतं. त्या म्हणाल्या, तू जा, माझ्यामुळं थांबू नकोस. मी एकटी कशाला जाते? तिकिटं रद्द केली, कोट ट्रंकेत टाकला. वर त्यांच्या रजेच्या दिवसांत त्यांचे तासपण मीच घेतले. मला विज्ञान येत नाही, तर पोरांकडून पेशीच्या आणि हृदयाच्या आकृत्या काढून घेतल्या. एके दुपारी फोन केला, सासूबाईंची सलाईन उतरली का विचारायला. ताई म्हणाल्या, उतरली, आता बरं आहे. मागून वाऱ्याचा मोठा आवाज येत होता. मी विचारलं तर म्हणाल्या, दवाखान्याच्या गच्चीवर आलेय, खाली रेंज नाही.

हे सगळं तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. फोटो आला आणि मला आनंदच झाला. जायला मिळालं नाही तर नाही, निदान काढायला तर मिळतंय.

जलरंगात बर्फ काढणं ही अवघड गोष्ट आहे, कारण तो काढायचाच नसतो. पांढरा रंग लावला की चित्र मेलं. कागद आहे तसा सोडायचा आणि भोवतीचं सगळं रंगवायचं. जे उरलं तो बर्फ. त्यासाठी आधी ठरवावं लागतं, हात कुठं लावायचा नाही. आकाशासाठी कागद ओला करून ओल्यावरच रंग सोडायचा, म्हणजे ढगांच्या कडा आपोआप विरतात. पण आमच्याकडं मार्चमध्ये कागद ओला राहतोय कुठं? पाण्याचा हात फिरवून ब्रश रंगात बुडवेपर्यंत अर्धा कागद वाळलेला. पहिल्या चित्राचं आकाश डागाडागांचं झालं, भिंतीला ओल आल्यासारखं. मग मी पहाटे साडेपाचला उठून बसायला लागले. फळीवर ओला टॉवेल, त्यावर कागद, पंखा बंद. आई शेजारी चुलीचा धूर लागल्यासारखी खोकत बसायची आणि विचारायची, एवढं काय त्या तळ्यात.

दुसरं चित्र बरं जमलं. ते मी शाळेत नेऊन ताईंना दाखवलं. त्यांनी ते खिडकीजवळ धरून बराच वेळ पाहिलं.

"सावल्या फार काळ्या केल्यास," त्या म्हणाल्या. "बर्फावर सावली निळी असते. चांगली निळी, शाईसारखी. आणि इथं काठाला बर्फ एवढा गुळगुळीत नसतो. वरून कडक पापुद्रा असतो, पाय दिला की करकर करून खाली जातो."

मी म्हणाले, ताई, तुमाला बरंच माहीत झालं. त्या म्हणाल्या, भाच्यानं व्हिडिओ दाखवले ना.

त्यांचं बरोबर होतं. फोटो नीट पाहिला तर सावल्या निळ्याच होत्या. मीच फोनच्या काचेत पाहून त्या काळ्या ठरवल्या होत्या. फोनवर आलेला फोटो दाबून येतो, बारकावे जातात. म्हणून मी त्यांना म्हटलं, मूळ फोटो डॉक्युमेंट करून पाठवा, मला झाडांच्या फांद्या दिसत नाहीत. त्यांनी तिथंच बसल्या बसल्या पाठवला.

दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला मी शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये गेले. मोठ्या पडद्यावर फोटो उघडला आणि वही घेऊन फांद्यांची रेखाटनं करायला लागले. फांदीवर बर्फ कसा बसतो, खालची बाजू कशी उघडी राहते, हे पहिल्यांदा कळलं. झाडं झाली, तळ्याचा काठ झाला. मग बाकाकडं आले. बाकावर एका टोकाला लाल काहीतरी होतं. छोट्या फोटोत तो नुसता ठिपका दिसायचा. मला तो फार आवडला होता. सगळं चित्र निळं आणि राखाडी, त्यात तेवढाच ऊबदार रंग. दोन्ही चित्रांत मी तो अगदी शेवटी, ब्रशच्या टोकानं ठेवला होता. ते नेमकं आहे काय, हे पाहावं म्हणून फोटो मोठा केला.

ती पाण्याची बाटली होती. तिला लोकरीचं विणलेलं कव्हर होतं, लाल, वरच्या काठाला पिवळी पट्टी. पट्टीवर तीन बटणं, दोन पिवळी आणि एक हिरवं.

हिरवं बटण मी लावलं होतं. पिवळं तिसरं मिळालं नाही म्हणून आईच्या डब्यातलं घेतलं होतं. ताईंच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी ते कव्हर क्रोशानं विणून दिलं होतं, आणि हिरव्या बटणावरून त्यांनी मला आठवडाभर चिडवलं होतं.

पहिल्यांदा मनात आलं ते ताईंच्याच बाजूचं होतं. भाच्याला बाटली दिली असेल. थंडीत पाणी कोमट राहतं म्हणून नेली असेल त्यानं. हे मी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. मग करकर आठवली. पाय दिला की खाली जातो, हे त्या ज्या तऱ्हेनं बोलल्या, ते व्हिडिओ पाहून बोललेलं नव्हतं. मग गच्चीवरचा वारा आठवला. तास संपल्याची घंटा झाली आणि सहावीची पोरं दारात येऊन उभी राहिली, तेव्हा कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवशी संध्याकाळी डोकं दुखतंय सांगून मी ताईंच्या आधीच निघाले.

रविवारी त्यांच्या घरी गेले. जाताना मनाला सांगत होते की चित्राचं माप विचारायला चाललेय. ताई बाजारात गेल्या होत्या. ओसरीवर सासूबाई तूर निवडत बसलेल्या, चांगल्या धडधाकट. मी शेजारी बसले, तूर निवडू लागले. बोलता बोलता विचारलं, आता बरं आहे का, डिसेंबरात नांदेडला फार तकलीफ झाली म्हणे.

"मला?" त्या म्हणाल्या. "मी काहून जाऊ नांदेडला? मी तर डोंगरकड्याला लेकीच्या गावी व्हते पंधरा दिवस. हुरडा खाल्ला मस्त. सून गेलती ना तिच्या बहिणीसंग तिकडं, थंडीच्या देशात."

मी मान हलवली आणि तूर निवडत राहिले. हात चालू होते, पण दाणा कोणता आणि खडा कोणता ते मला दिसत नव्हतं.

ताई आल्या. हातात भाजीची पिशवी. आम्हा दोघींना एकत्र बसलेलं पाहून दारातच क्षणभर थबकल्या. सासूबाई म्हणाल्या, बाई इचारून राहिल्या मी नांदेडला कधी गेलते म्हणून. ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगावर नव्या घराच्या पडद्यांचे तुकडे पसरलेले होते. ते त्यांनी बाजूला सारले, पण बसल्या नाहीत.

मी त्यांना बाटलीचं सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही. उलट पटापट बोलायला लागल्या, जणू बरेच दिवस तोंडाशी आलं होतं. बहीण आणि तिचा नवरा जायचं म्हणत होते, त्यांच्याबरोबर आणखी एक जोडपं. ताईंनी माझं नाव सांगितलं, तर बहीण म्हणाली, त्या मॅडमचा पाय. बर्फात त्यांना कोण सांभाळणार, सगळ्यांना त्यांच्यासाठी थांबावं लागेल.

"मग मला सांगायचं व्हतं," मी म्हणाले.

"काय सांगू? तुझा पाय असा आहे म्हणून नको येऊ, असं तोंडावर सांगू? तुला वाईट वाटलं असतं."

"आता न्हाई वाटत?"

त्यांनी खोलीचं दार लोटलं. मी म्हटलं, बहिणीनं म्हटलं ते ठीक, ती मला ओळखत नाही. तुमी काय म्हणालात तिला?

ताईंनी पडद्याचा एक तुकडा उचलून घडी घातली, परत मोडली. मग खाली पाहत म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी तुझ्यासंग हळू चालले. एक शब्द बोलले नाही. आठ दिवस मला भरभर चालायचं होतं, बस."

माझा पाय ज्यांच्या लक्षातच नाही असं मी समजत होते, त्यांनी रोज शाळेपासून स्टँडपर्यंत तो मोजला होता. मी बाहेर आले. सासूबाई म्हणाल्या, चहा घेऊन जा. मी म्हणाले, पुन्हा येईन.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई सगळं आयुष्य मेंढरांमागे चाललेली, तिचं चालणं माझ्या दुप्पट. मला वाटलं होतं, ती चिडेल, शिव्या देईल. ती शांतपणे म्हणाली, "तिला जोरात चालायचं व्हतं तर चालू दे की. माणसाला वाटतं तसं. पर सासूला आजारी पाडून तुझ्याकडून तास घेतले, ते न्हाई बरं." आणि भाकरी थापायला लागली. तिनं बोट बरोबर दुखऱ्या जागेवर ठेवलं होतं. पायाचं मी कसंही गिळलं असतं. पण त्या आठ दिवसांत मी दवाखान्याच्या काळजीत होते, रोज देवाला नमस्कार करताना त्या म्हातारीचं नाव घेत होते, आणि तिकडं ताई गोठलेल्या तळ्याकाठी बसून मी विणलेल्या कव्हरातलं पाणी पीत होत्या. आणि मग तोच फोटो मला दिला. तो देताना त्यांना काय वाटलं असेल, हे मला आजही कळत नाही. कदाचित काहीच वाटलं नसेल. फोटो छान होता, मी चित्र छान काढते, एवढंच.

चित्र मी तिसऱ्यांदा काढलं. न काढून चाललं नसतं, असं नाही. पण अर्ध्या शाळेला माहीत झालं होतं आणि मी शब्द दिला होता. शिवाय आता मला ते तळं कळायला लागलं होतं, ते सोडवेना. सावल्या निळ्या केल्या. काठाचा बर्फ खडबडीत ठेवला. बाक काढलाच नाही. तिथं कोरा कागद सोडला. त्या पहाटे आकाश एका दमात जमलं, कुठं डाग नाही, कुठं कड नाही, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

एप्रिलमध्ये वास्तुशांत झाली. मी गेले. चित्र हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलं होतं, चौकट चांगली केली होती. आमचे मुख्याध्यापक पुढे येऊन म्हणाले, मॅडम, पाहूनच थंडी वाजते. बाकीचे शिक्षकही जमले. कुणीतरी विचारलं, ही जागा कुठली. ताई पाण्याचे पेले भरत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला खात्री होती की त्या आता खरं सांगतील. माझ्यासमोर एकदा सगळं बोलून झाल्यावर लपवायचं काय राहिलं होतं?

"काश्मीरची," त्या म्हणाल्या. "माझा भाचा गेलता ना, त्यानं काढलेला फोटो."

सगळे माझ्याकडं पाहत होते, चित्र माझं होतं म्हणून. हे खोटं आहे असं मी म्हणू शकले असते. मी म्हणाले, फोटो चांगला होता, म्हणून जमलं. पूर्ण जेवले, आहेर दिला, नमस्कार करून निघाले. रस्त्यानं जाताना ताईंपेक्षा मला माझाच जास्त राग येत होता. त्यांचं खोटं त्यांच्यापाशी होतं. आज त्यात मीपण माझं बोट घातलं होतं.

त्यानंतर संध्याकाळी मी फाटकाशी थांबले नाही. शाळा सुटली की लगेच निघते किंवा मुद्दाम ग्रंथालयात अर्धा तास काढते. पहिले काही दिवस ताई वाट पाहायच्या. आता पाहत नाहीत. त्या खरंच भरभर चालतात. एकदा ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिलं, डोक्यावर पदर, खांद्याला पर्स, पाच मिनिटांत वळणापार. मी कधी पाहिलंच नव्हतं त्यांना असं चालताना. चांगलं चालतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्या माझ्या टेबलाशी आल्या. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. हळू आवाजात म्हणाल्या, या डिसेंबरात जाऊ या का, फक्त आपण दोघी, कुणी बहीण नाही, कुणी नाही. गाडी थेट तळ्यापर्यंत जाते, चालायचं कामच नाही, मी सगळं विचारून ठेवलंय. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं, एवढं मला त्यांच्याविषयी अजून कळतं.

मी म्हणाले, "ताई, तुमी पाहून आलात ना."

"तुझ्यासाठीच म्हणतेय मी."

"तेच तर," मी म्हणाले. "परत माझ्यासाठीच."

त्यांना ते समजलं की नाही, माहीत नाही. घंटा झाली. नववीचा तास होता, माठाचं स्थिरचित्र लावायचं होतं. मी कपाटातून पांढरा कपडा काढला, माठ काखोटीला मारला आणि वर्गाकडं निघाले.